जनावरांच्या बाजारात पहिल्यांदा जाताना

आमच्या गावातला एक तरुण नुकताच पुण्याची नोकरी सोडून परत आला. दुधाचा धंदा करायचा म्हणतो. त्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "काका, गायींचा लिलाव किती वाजता सुरू होतो?" म्हटलं, कांद्याचा लिलाव होतो, टोमॅटोचा होतो, गुरांचा होत नाही. गुरांच्या बाजारात सौदा होतो. एक विकणारा, एक घेणारा, मधे बहुतेक वेळा एक दलाल आणि भोवती फुकटचा सल्ला देणारे पाच-सहा जण. खरा आकडा मोठ्यानं कुणी बोलत नाही. त्यामुळे शेजारच्या दावणीची तशीच गाय कितीला गेली ते तुम्हाला कळत नाही, आणि नवा माणूस इथंच फसतो.

त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय. मी अहिल्यानगर जिल्ह्यातला, दुधाच्या गायी सांभाळणारा. त्यामुळे बोलणं जास्त करून संकरित गायींचं आहे. म्हशी आणि बैल ओघात येतील.

वार आणि ठिकाण

प्रत्येक बाजाराचा वार ठरलेला आणि त्याचा मालही ठरलेला. लोणीचा (तालुका राहाता) बाजार बुधवारी, तिथं काळ्या-पांढऱ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गायी जास्त. घोडेगावचा (तालुका नेवासा) शुक्रवारी, तो म्हशींसाठी प्रसिद्ध. काष्टी आणि चाकण शनिवारी. सांगोल्याचा रविवारी, खिलार जातीची जनावरं बघायची तर तिथं जा, शिवाय संकरित गायीही भरपूर येतात. जुन्नर तालुक्यातलं बेल्हे सोमवारी, बैलांसाठी. यात्रांचे बाजार वेगळे: पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, खरसुंडीला सिद्धनाथाची, नांदेडकडे माळेगावला खंडोबाची. तिथं हौशी लोक, जातिवंत खोंड आणि वाढीव भाव. पहिली दुभती गाय घ्यायला यात्रेत जाऊ नका.

निघण्याआधी बाजार भरतोय का ते बाजार समितीत फोन करून विचारा. २०२२ च्या पावसाळ्यात लम्पी (अंगावर गाठी येणारा गुरांचा साथरोग) आला तेव्हा राज्यातले बाजार बंद ठेवावे लागले होते. साथ आली की असं पुन्हा होऊ शकतं.

हंगामही बघा. मृगाच्या तोंडावर बैल चढतात आणि पेरण्या उरकल्या की उतरतात. उन्हाळ्यात चारा संपला की लोक नाइलाजानं जनावर बाजारात आणतात, तेव्हा गाय स्वस्त मिळते. पण तुमच्याकडे मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) किंवा पाणी असेल तरच ती स्वस्त. दूध संघांनी दर पाडले की त्याच आठवड्यात गायींचे भाव खाली येतात.

पहिला बाजार: पैसे घरी ठेवा

पहिल्या फेरीला खिशात फक्त चहापाण्याचे पैसे ठेवा. घ्यायची ऐपत खिशात असली की डोळे नीट बघत नाहीत. पहाटे सहाला पोचा. जनावरं टेम्पोतून उतरतात ते बघा, कारण लंगडणारं जनावर उतरताना आणि चार पावलं चालताना दिसतं. एकदा दावणीला बांधलं की सगळीच देखणी. नऊपर्यंत गर्दी आणि भाव दोन्ही तापलेले असतात. दुपारी बारानंतर ज्यांचं जनावर राहिलं ते बेचैन व्हायला लागतात. परतीचं भाडं, उन्हात उभी असलेली गाय, घरी दुसऱ्या धारेची वेळ. त्या वेळेला कोण किती खाली उतरतो ते कान देऊन ऐका.

हे घड्याळ घेणाऱ्यालाही लागू आहे, आणि मी ते पैसे मोजून शिकलो. माझी पहिली गाय घ्यायला गेलो तेव्हा गावातूनच टेम्पो ठरवून नेला होता. अकरा वाजता टेम्पोवाला दर दहा मिनिटांनी येऊन उभा राहायला लागला. "दादा, होतंय का? मला दुसरं भाडं आहे." रिकामा टेम्पो परत न्यायचा तर भाडं अंगावर, आणि घरी आई आरतीचं ताट करून बसलेली. समोरचा व्यापारी म्हणत होता, दोन टायमाला अठरा लिटर. घेतली. घरी आल्यावर तिसऱ्या दिवसापासून ती अकरावर आली आणि अकरावरच राहिली. व्यापाऱ्यानं फसवलं हे खरंच, पण घाई माझी होती. तेव्हापासून सौदा झाल्याशिवाय गाडी बोलवत नाही. बाजाराच्या बाहेर टेम्पो रांगेनं उभे असतात, गाडी मिळत नाही असं होत नाही.

जनावर बघताना

आधी लांबून बघा, हात नंतर लावा. गाय रवंथ करतेय का, नाकपुडीची पुढची जागा ओली आहे का, डोळे जागे आहेत का. मग मालकाला म्हणा, "जरा फिरवून दाखवा." देणारा सरळ असेल तर लगेच सोडतो.

वय दातांवरून बघायचं. खालचा ओठ दाबून खाली ओढा. वरच्या जबड्याला पुढं दात नसतात, ते सगळ्याच गायी-म्हशींचं असतं. एका शहरी पाहुण्यानं "हिचे वरचे दात पडलेत" म्हणून भाव पाडून मागितला होता, त्याची आठवण अजून निघते. खालचे आठ दात मोजायचे. सगळे दुधाचे असतील तर आदत. दोन मोठे दात आले की दोनदाती, साधारण दोन-अडीच वर्षांची. पुढं चारदाती, सहादाती, आणि आठही आले की जुळलेली, म्हणजे साडेचार-पाच वर्षांच्या पुढची. म्हशीचे दात याहून उशिरा येतात. आता हिशेब लावा. संकरित कालवड नीट सांभाळली तर अडीच-तीन वर्षांत विते. मग "पहिल्या वेताची आहे", म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली, म्हणून दाखवलेली गाय तोंडात जुळलेली निघाली, तर एक तर ती फार उशिरा गाभ राहिली किंवा तिची दोन वेतं लपवलीत. दोन्हीत तोटाच. शिंगं तासून, तेल लावून तुकतुकीत केलेली असतील तर वय लपवायचं असेल, दात दुसऱ्यांदा बघा.

मग मागं या. शेपूट उचला. मायांगाच्या कडेला टाके घातल्याच्या खुणा आहेत का? असतील तर मायांग बाहेर येत असणार, आणि ते पुढच्या वेतालाही येतं. पांढरट, वास मारणारी घाण गळतेय का? मग गर्भाशयात बिघाड आहे. अशी गाय भरवली तरी उलटत राहते, गाभ धरत नाही. डाव्या कुशीवर जुन्या टाक्यांची लांब रेघ असेल तर बहुधा पोटातून तार किंवा प्लास्टिक काढलेलं असतं. तशी गाय टाकून द्यावी असं नाही, पण मग भाव तसा. अंगावर लम्पीच्या गाठींचे वण दिसतील. वण जुने, कोरडे असतील तर दुधाला अडत नाही, ताजी गाठ दिसली तर शेजारच्या दावणीलाही उभे राहू नका.

बैल घेणाऱ्यानं खांदा चाचपावा, सूज आणि घट्टे बघावेत, आणि जुपून दाखवायला सांगावं. औतात बसणारा बैल नुसता बघून कळत नाही.

भोवऱ्यांचं काय, हे विचारलं जातंच. अमुक जागी भोवरा म्हणजे घरधन्याला वाईट, वगैरे. दुधाशी त्याचा काही संबंध नाही. पण उद्या तुम्हाला ती गाय विकायची आहे, आणि घेणारा भोवरा बघून हजार-दोन हजार पाडणार आहे. तेव्हा मानू नका, पण सौदा करताना वापरा.

कास, सड आणि दूध

इथं वेळ घाला. बाकी सगळं मागं-पुढं झालं तरी चालेल.

बाजारात आलेली कास बहुतेक वेळा तुंबवलेली असते. आदल्या संध्याकाळची धार काढायची नाही, सकाळी तशीच उभी करायची. कास फुगून चकाकते, सड बाहेरच्या बाजूला ताठ होतात, कधी आपोआप थेंब गळतात, आणि गाय मागचे पाय फाकवून उभी राहते. नव्या माणसाला वाटतं, काय दूध आहे! ती दोन वेळची बेरीज असते. फुगलेली कास बघून लिटर सांगू नका. दूध काढल्यानंतरची कास बघा. चांगली कास धार संपल्यावर रिकाम्या पिशवीसारखी सुरकुतते, मऊ पडते. काढूनही भरल्यासारखी राहते ती मांसाची कास, आणि हाताला कडक गोळा लागला तर दगडी (कासेचा दाह) होऊन गेलेली.

चारही सडांची धार स्वतः काढा. एकेक सड, आणि नुसती एक चिळकांडी नाही. पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर किंवा तळहातावर घ्या. गुठळ्या, पाण्यासारखं दूध किंवा रक्ताची छटा दिसली की थांबा. चारही धारा सारख्या जाडीच्या हव्यात. तिसडी गाय चारसडीच्या भावात घेतलेले कितीतरी लोक मी बघितलेत, आणि प्रत्येक जण "चौथ्यातून येत होतं की" असंच म्हणतो. येत होतं, दोन धारांपुरतं.

धार काढताना गाय कशी वागते तेही बघा. लाथाळ आहे का, पाय बांधावा लागतो का, वासराशिवाय पान्हा सोडते का, म्हणजे दूध उतरू देते का. धारेआधी कुणी इंजेक्शन टोचताना दिसलं तर ती गाय सोडा. पान्ह्याच्या इंजेक्शनची सवय लागलेली गाय घरी त्याच्याशिवाय दूध सोडत नाही, आणि त्याचा असा वापर कायद्यानं बंद आहे. "खाली वासरू आहे" म्हणाले तर वासरू गायीच्या तोंडापुढं न्या. तिचं असेल तर चाटेल. उसनं आणलेलं असेल तर डोकं मारेल.

गाभण म्हणून विकत असतील तर भरवल्याची तारीख आणि कृत्रिम रेतनाची नोंद मागा. गायीचे दिवस साधारण २८० आणि म्हशीचे ३१० च्या आसपास, त्यावरून विण्याची तारीख काढा आणि पोट, कास त्या तारखेला जुळतात का बघा. खात्री डॉक्टरच्या हातानंच. तपासणीची फी द्यायला जीवावर येतं खरं, पण भाकड गाय वर्षभर बसून खाते.

आणि हे सगळं करूनही लिटर बाजारात कळत नाही. त्यासाठी एकच मार्ग मला भरवशाचा वाटतो: थोडा इसार (आगाऊ रक्कम) द्या, आणि विकणाऱ्याच्या गोठ्यावर जाऊन सलग तीन धारा बघायची अट घाला. पहिली धार कास रिकामी करण्यापुरती, ती मोजायची नाही. दुसरी आणि तिसरी मोजायची, दोन्हींची बेरीज म्हणजे दिवसाचं दूध. शेतकरी बहुधा कबूल होतो. व्यापारी म्हणेल, "पाव्हणं, माझ्या शब्दावर इस्वास न्हाई का?" हसून म्हणायचं, "विश्वास आहे, म्हणून तर इसार देतोय."

रुमालाखाली

बाजारातला भाव लिटरमागे चालतो. इतक्या लिटरची गाय, लिटरला इतके हजार, मग वेत, वय, अंग बघून वर-खाली. तुमच्या मनातला वरचा आकडा सकाळी घरून निघतानाच ठरवा आणि सोबतच्या माणसाला सांगून ठेवा. सोबत माणूस हवाच. भाऊ नाहीतर शेजारचा जाणता म्हातारा. त्याचं काम एकच, तुम्ही त्या आकड्याच्या वर जायला लागलात की शर्ट ओढायचा.

मालक "बोला, काय द्यायचं?" म्हणतो. तुम्ही म्हणा, "माल तुमचा, तुम्ही सांगा." तो भलताच आकडा सांगेल, ते रीतसर आहे. मग दलाल येतो. तुमचा उजवा हात हातात घेतो, खांद्यावरचा रुमाल वर टाकतो आणि खाली तुमची बोटं दाबतो. तोंडानं एवढंच: "हे... आणि वर हे." आमच्याकडे आधी दाबलेली बोटं दहा हजारांची आणि नंतरची सुट्या हजारांची, खुणा बाजारागणिक थोड्या बदलतात. पहिल्यांदा माझ्या हाताला घाम फुटला होता, आणि सात आणि आठात मी चुकलो होतो. तेव्हा लाज न धरता कानात विचारा, "किती म्हणालात?" दलाल कुजबुजून सांगतो. बोटं कळली नाहीत तरी कबुलीची मान कधीच हलवू नका.

दलालाची दलाली किती आणि कुणाकडून, हे त्यानं हात धरायच्या आधी विचारा. पुष्कळ दलाल दोन्हीकडून घेतात. आणखी एक: तुम्ही आकड्यावर अडलात की अचानक दुसरं गिऱ्हाईक येऊन "मी देतो की तेवढे" म्हणतं. त्याला घेऊ द्या. दहापैकी आठ वेळा अर्ध्या तासानं गाय तिथंच असते आणि ते गिऱ्हाईक व्यापाऱ्याबरोबर वडापाव खात असतं.

सौदा ठरला की इसार द्यायचा, साक्षीदारासमोर. इसार दिल्यावर फिरणं वाईट मानतात, आणि पैसे तर बुडतातच. काय बोलून घेतलं ते तेव्हाच उच्चारा: "चारही सड चालू, मारकी नाही, तीन महिन्यांची गाभण." मोबाईलवर दावणीसकट व्हिडिओ काढला तर आणखी बरं. बरेच शेतकरी आपलं दावं जनावराबरोबर देत नाहीत, म्हणून नवं दावं आणि म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी) घरूनच न्या.

टॅग, पावती, गाडी

कानात बारा आकडी पिवळा टॅग हवा. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात टॅग नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री, वाहतूक आणि बाजारात प्रवेश बंद केला आहे. टॅगचा नंबर पावतीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा आणि लसीकरणाच्या नोंदी त्याच नंबरावर बघून घ्या, विशेषतः लाळ खुरकत आणि लम्पीच्या. टॅग तुमच्या नावावर करायचं काम गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होतं; विमा काढायचा तर त्याच्याशिवाय चालत नाही. पावती बाजार समितीचीच घ्या. वहीच्या पानावर लिहून दिलेलं रस्त्यात कामाला येत नाही.

रस्त्यात अडवलं जाणं हे आता रोजचं झालंय. गायीसकट संपूर्ण गोवंशाची हत्या राज्यात बंद आहे. २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे बाजार पावती, टॅग, आणि जनावर प्रवासाला ठीक असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला गाडीत पुढं ठेवा. वाहतुकीच्या नियमांनुसार एका मालगाडीत सहाच्या वर गुरं नेता येत नाहीत, आणि एका गायीला किंवा म्हशीला दोन मीटर बाय एक मीटर जागा लागते. दोन गायी छोट्या टेम्पोत कोंबून भाडं वाचवणारे शेवटी दंड भरतात. खाली वाळू किंवा उसाचं पाचट टाका, मान आखडेल असं आखूड बांधू नका, आणि शेवटच्या आठवड्यातली गाभण गाय शक्यतो हलवूच नका.

घरी आल्यावर

निदान तीन आठवडे वेगळी बांधा. पाण्याची बादली, वैरण सगळं वेगळं. तिची धार शेवटी काढा. विकणारा काय घालत होता ते विचारून आलेला असाल तर तेच चार-पाच दिवस घाला, मग हळूहळू आपल्या चाऱ्यावर आणा. पेंड एकदम वाढवली तर पोट बिघडतं. कानात, कासेच्या खोबणीत, शेपटीखाली गोचीड बघा. संकरित गायीला गोचीडताप लवकर धरतो. ताप भरला, डोळे आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या तर घरगुती उपाय न करता डॉक्टरला बोलवा. प्रवासानं दोन-तीन दिवस दूध कमी येतं, त्याला घाबरू नका. आठवड्यानंतरही येत नसेल तर मात्र माझ्यासारखं झालं म्हणायचं.

विकताना

विकायची वेळ निवडता आली तर व्याल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, दुसऱ्या-तिसऱ्या वेताला. तेव्हा दूध चढतं असतं आणि भाव बरा येतो. नेण्याआधी गाय धुवा, खुरं नीट करा. कास तुंबवू नका. तुंबवलेल्या कासेला दगडी होते आणि गाय विकली गेली नाही तर ती दगडी तुमच्याच गोठ्यात परत येते. खोड असेल ती सांगून टाका. सांगून विकलेल्या गायीचे हजार-दोन हजार कमी येतात, पण चार दिवसांनी माणसं घेऊन दारात कुणी येत नाही.

दावणीवर येऊन मागणाऱ्या व्यापाऱ्याचा आकडा आधी घ्या. बाजारातल्या भावातून जाण्या-येण्याचं भाडं, दलाली आणि एक दिवसाचं दूध वजा केलं तर कधीकधी घरचाच सौदा बरा ठरतो. बाजारात नेलीत तर परतीच्या भाड्याची तयारी ठेवूनच न्या. दुपारी एकला पडेल भावात देण्यापेक्षा पुढच्या वारी या. मात्र तोवर तिला धार न काढता उभी ठेवू नका. सावलीत घेऊन दूध काढा, पाणी पाजा.

घेणाऱ्याचं आधार बघा, नाव-गाव-फोन पावतीवर येऊ द्या. भाकड गाय किंवा थकलेला बैल विकताना तर हे दुप्पट सांभाळा. टॅग तुमच्या नावावर राहिला आणि ते जनावर पुढं भलत्या गाडीत सापडलं, तर पोलीस टॅगवरचं नाव वाचून तुमच्याच ओट्यावर येतात. म्हणून पैसे मिळाले म्हणजे झालं असं समजू नका. तिसऱ्या दिवशी घेणाऱ्याला फोन करा, गाय पान्हा सोडतेय का विचारा, आणि लगेच दुसरा प्रश्न: टॅग नावावर चढवला का? "करतो, करतो" म्हणाला तर परत सोमवारी फोन.